कॅसेटची दुसरी बाजू

मोतीबिंदूमुळे सासूबाईंना पत्र लिहिता येईना, तेव्हापासून आमच्या घरात कॅसेट आली. कॅसेट एकच. मूळची भजनांची, वरच्या दोन भोकांवर चिकटपट्टी लावून तिच्यावर आवाज भरता येईल अशी केलेली. पुण्याहून दुबईला कुणी येणारं असलं, की त्या दोन्ही बाजू बोलून भरायच्या आणि गोड्या मसाल्याच्या पुडीबरोबर पाठवायच्या. आम्ही ऐकायची, तिच्यावरच आमचं बोलणं भरायचं आणि भारतात जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती परत द्यायची. मी एकदा नवी कोरी पाठवली, तर पुढच्या खेपेला ऐकून घ्यावं लागलं. "जुनी चांगली आहे की. नवी कशाला उगाच?" मग मीही नाद सोडला.

त्यांचं बोलणं पुसताना आम्हाला कधी काही वाटलं नाही. ते पुन्हा येणारच होतं.

त्र्याण्णव साल असावं. दुबईत अल कुसैस भागात एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहत होतो. नवरा एसी बसवणाऱ्या कंपनीत होता. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत सहाव्या खेपेला पास झाला आणि त्या आनंदात त्याने एक जुनी पांढरी गाडी घेतली. सासूबाईंनी त्या वेळच्या कॅसेटच्या पहिल्या बाजूवर फर्मानच काढलं होतं : "गाडी घेतलीस ना, मग बायकोला घेऊन कुठे जातोस का? जा कुठेतरी, आणि काय काय बघितलंत ते मला सांग." ती बाजू आम्ही बुधवारी संध्याकाळी जेवता जेवता ऐकली. ठरलं, गुरुवारी निघून दीड तासावरच्या अल ऐनला जायचं आणि शुक्रवारी परत यायचं.

खरं सांगते, मला राग आला होता. लग्नाला दोन वर्षं झालेली, पहिल्यांदा दोघंच बाहेर निघालो होतो, तेही सासूबाईंच्या हुकमावरून.

दुसरी बाजू मी गुरुवारी सकाळी एकटीने ऐकली. ऐकली म्हणजे काय, ओट्यावर टेपरेकॉर्डर चालू होता आणि मी वाटेसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या लाटत होते. एका बाजूला बटाट्यांचा कुकर. शेजारणीची मुलगी, पाणी कमी दाबाने येतं, डास. मग त्या काहीतरी हळू आवाजात बोलायला लागल्या. "डॉक्टर" हा शब्द मी ऐकला. मनात म्हटलं, झालं सुरू! तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बंद करायला वळले, तेलात पुरी सोडलेली होती. परत लक्ष दिलं तेव्हा बाजू संपून बटण आपोआप वर आलं होतं.

तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी नवऱ्याचा अर्धा दिवस असायचा. तो एक वाजता आला आणि बूट न काढताच म्हणाला, "दुसरी बाजू काय म्हणते?"

"नेहमीचंच. डास, पाणी."

"आल्यावर ऐकतो मी. वाटेत सुपरमार्केटमधून नवी कॅसेट घेऊ, आईला सांगायचं ते तिच्यावर भरू."

"आईंना नवी चालत नाही. आणि पार्किंग मिळेपर्यंत तिथेच चार वाजतील. यल्ला, चल आता."

तो हसला आणि निघाला.

गाडीत टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर होता, आत तीच जुनी कॅसेट. आवाज भरायचं बटण मीच दाबलं. लाल वाळूच्या टेकड्या सुरू झाल्या आणि नवरा असा बोलायला लागला, जणू आई मागच्या सीटवर बसलीय. "आई, खिडकीकडे सरक. उजवीकडे बघ, उंट. तीन आहेत. कुंपण घातलंय, घाबरू नकोस." मी कितीतरी वेळ तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी तोच म्हणाला, "आई, तुझी सून रुसलीय बरं का." मग मलाही हसू आलं आणि मीही बोलले. ती पहिली बाजू.

अल ऐन मला फार आवडलं. दुबईच्या मानाने शांत, हिरवंगार, प्रत्येक चौकात गोल बाग, आणि एका बागेत माणसापेक्षा उंच कॉफीची किटली. शुक्रवारी सकाळी आम्ही जुन्या खजुरीच्या बागेत गेलो. मातीच्या भिंतींमधून वाट, दोन्हीकडे झाडांची दाटी, आणि दगडी चरातून झुळझुळ वाहणारं पाणी. नवरा उकिडवा बसला आणि टेपरेकॉर्डर पाण्याजवळ धरला. "आई, हे ऐक. पाटाचं पाणी. वाळवंटात!" बराच वेळ तो तसाच धरून बसला होता. ती दुसरी बाजू.

संध्याकाळी घराचं कुलूप उघडताना आत फोन वाजत होता. दीर कालपासून लावत होते. सासूबाई गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास गेल्या. छातीत दुखत होतं. आमचा फोन कुणी उचलेना, म्हणून शुक्रवारी सकाळीच सगळं उरकलं होतं. तिकडचे चार म्हणजे आमचे अडीच. तेव्हा नवरा त्यांना उंट दाखवत होता.

तो चपलांच्या स्टँडवरच बसला. त्याने विचारलं, "दुसऱ्या बाजूला काय म्हणाली होती ती?"

मला आठवेना. डॉक्टर, आणि शिट्टी. पण त्याचं तोंड बघून माझ्याने राहवलं नाही. "म्हणाल्या, माझी काळजी करू नकोस. मी खुशीत आहे. तुम्ही दोघं सुखात राहा."

"असं म्हणाली?"

"हो."

तो तिथेच रडला, आणि मला वाटलं, आपण बरं केलं.

शनिवारी तो पुण्याला गेला. पुढे पंधरा दिवस मी एकटी होते. एका दुपारी मी ती कॅसेट लावली. दुसऱ्या बाजूवर आमची बडबड, मग पाणी, पाणी, पाणी. मग खट्. टेप थोडी उरली होती, आणि त्या उरलेल्या टेपवर सासूबाई होत्या. तीनच वाक्यं. "…तो दमून येत असेल, ऐकायचा नाही. अगं, तू ऐकत्येस ना नीट? त्याला सांग हं, आठवणीने."

मी टेपरेकॉर्डर बंद केला आणि घरातले सगळे दिवे लावले. दुपारचे तीन वाजले होते.

काय सांगायचं होतं ते पाण्याखाली गेलं. ये, म्हणाल्या असतील का? बुधवारी आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या असत्या, तर गुरुवारच्या विमानाने तो पोचला असता का? हा हिशेब मी रोज करते आणि तो कधीच जुळत नाही. आवाजाची मला भीती बसली. कुकर लावला की मी स्वयंपाकघरात थांबत नाही. त्याने ती कॅसेट कधी मागितली नाही. "तिच्यावर आपलंच बोलणं आहे," म्हणाला. मी ती जपून ठेवली आणि जागा सांगितली नाही.

दहा वर्षांनी आम्ही पुन्हा अल ऐनला निघालो. आमच्या आठ वर्षांच्या मुलीला पुढे बसायचं होतं, म्हणून मी मागे बसले. लाल टेकड्या आल्या तसा तो तिला आजीची गोष्ट सांगायला लागला. उंट, पाटाचं पाणी, आणि शेवटी आजीचं वाक्य : माझी काळजी करू नकोस, मी खुशीत आहे. इतक्या वर्षांत ते वाक्य त्याने कितीतरी जणांना सांगितलं होतं.

मुलगी त्याच्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "बट बाबा, शी नेव्हर आस्क्ड यू टू कम होम?"

आरशात त्याचे डोळे मला दिसले. "आईला विचार," तो म्हणाला. "तिने ऐकलंय."

"नाही," मी म्हणाले. "तसं काही म्हणाल्या नाहीत."

त्याने मान हलवली आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला. मागच्या सीटवर मी एकटीच होते, तरी खिडकीकडे सरकून बसले.