बाबांच्या मापाची टोपी

माझ्या लग्नात व्याहीभेटीसाठी बाबांना टोपी हवी होती, आणि तीही जुनी. बाजारात मिळते ती पुठ्ठ्याची, घामानं तिचा लगदा होतो, असं त्यांचं म्हणणं. आजोबा घालायचे तशी काळी, जाड, आत रेशमी अस्तर असलेली हवी. बाबा तुमसरच्या राइस मिलमध्ये मुकादम. जन्मभर डोक्याला गमछा बांधून कोंडा खाल्लेला माणूस. चार लोकांत मुलीचा बाप म्हणून ताठ उभं राहायचं, एवढीच त्यांची हौस होती.

मोबाइलवर जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाकडे तशी टोपी सापडली. माप नीट कळवा, जुना माल परत घेत नाही, असं त्यानं आधीच बजावलं. मी कानांच्या वरून बाबांच्या डोक्याभोवती दोरा फिरवला, पट्टीवर धरला आणि आकडा पाठवला. बाबांचे केस म्हणजे नुसतं रान. साठीतही कंगवा अडकायचा. टोपी आली आणि अशी बसली की बाबा आरशासमोरून हलेनात. आई म्हणाली, नवरदेव कोण तेच लोकांना कळणार नाही.

मग लग्न तोंडावर आलेलं असताना मोठे काका गेले. मेलेल्याहून लहान असलेल्या पुरुषांनी दहाव्याला डोकं करायचं, म्हणजे मुंडण, ही आमची रीत. बाबांनीही केलं. लग्न थोडं पुढं ढकला म्हणून आम्ही मुलाकडच्यांना विनवलं. तेरवी झाली की सुतक संपलं, तारीख सोडायची असेल तर मुलगाही सोडा, असा निरोप आला. असल्या माणसांत घरचे मला द्यायला निघाले होते, आणि मीही मुकाट निघाले होते.

केसांवरून मोजलेली टोपी आता भुवयांपर्यंत उतरायची. आईनं आतल्या पट्टीला कापडाची घडी शिवली. दुसरी आणू म्हटलं तर बाबा ऐकेनात. पोरीनं शोधून आणली, हीच घालीन, म्हणाले.

लग्न ऐन मे महिन्यात. घामानं घडी भिजून चेपली. नवरीच्या खोलीच्या खिडकीतून मी पाहत होते. व्याहीभेटीच्या वेळी माझ्या सासऱ्यांनी बाबांना कवेत घेऊन उचललं आणि टोपी घसरून थेट नाकावर आली. वऱ्हाडातलं कोणीतरी म्हणालं, "इवाई कुठं गेले? टोपीच राह्यली."

सगळा मांडव हसला. बाबाही हसले; मुलीच्या बापाला हसावंच लागतं. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली. सासूबाई पुढं आल्या.

"राहू द्या डोक्शावर. मांडवात बोडकं डोकं कायले दाखवता?"

"भाऊ गेला माझा," बाबा म्हणाले.

"तुमचा गेला ना. आमच्याइथं लगन हाये."

बाबांनी टोपी घातली आणि मागून हातानं धरून ठेवली. मला त्या बाईचे केस उपटावेसे वाटले. मामा बोलवायला आला, मी उठले आणि पाटावर जाऊन उभी राहिले.

मंगलाष्टकं सुरू झाली. बाबा एका हातानं टोपी धरून दुसऱ्या हातानं अक्षता टाकत होते. त्यांच्याकडे बघून आंतरपाटाच्या पलीकडे कोणीतरी फिसकन हसलं, आणि हसतच राहिलं. शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री वाजली, आंतरपाट खाली आला. हसत होता तो नवरदेव.

माझ्या हातात हार होता. मी तो त्याच्या गळ्यात घातला.