शेवटच्या बाकावर सासूबाई

किटाचा, म्हणजे लेकीच्या बालवाडीचा, मेसेज आला तेव्हा माझे केस ओले होते आणि चहा उतू जात होता. शिक्षिका आजारी आहेत, आज किटा बंद राहील, कृपया समजून घ्या. काय समजून घ्या, डोंबल! नेमकं आजच?

त्या दिवशी दुपारी माझं रेफराट होतं. म्हणजे वर्गासमोर उभं राहून जर्मनमधून विषय मांडायचा आणि वर प्रश्नांना तोंड द्यायचं. आधीच्या सेमिस्टरला मी ह्यातच नापास झाले होते. तिसऱ्या वाक्याला जी दातखीळ बसली, ती सुटलीच नाही. या वेळीही तसंच झालं तर शिक्षण सोडून देणार, असं मी नवऱ्याला सांगून टाकलं होतं. चिडून नाही, अगदी शांतपणे. चाळिशीला टेकल्यावर, पदरात लहान पोर घेऊन, हॅनोव्हरमध्ये सांडपाण्याच्या शास्त्रात मास्टर्स कर म्हणून मला कुणी आग्रह केला नव्हता. हौस माझी होती, आणि तीच आता हातातून जायची वेळ आली होती.

नवरा कामासाठी ड्रेस्डेनला गेलेला. घरात मी, लेक आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. आजी-नातीला घरी सोडून जायचं तर वेगळीच पंचाईत. लेकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते, आणि सासूबाईंना जर्मन ओ की ठो कळत नाही. आदल्याच आठवड्यात पोरगी पोट दुखतंय म्हणून सांगत होती आणि आजी तिला कौतुकाने आणखी एक लाडू भरवत होत्या.

शिवाय सासूबाईंकडे मदत मागणं माझ्या जिवावर आलं होतं. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. आल्यापासून माझ्या अभ्यासाकडे बघून एकच म्हणायच्या, कशाला गं एवढी ओढाताण. मी त्याचा सरळ अर्थ लावला होता: पुरे झाली थेरं, घर बघ. पण माझा चेहरा बघून त्या स्वतःच म्हणाल्या की आम्ही दोघी येतो तुझ्याबरोबर, बसू कुठेतरी. आणि साडीवर माझ्या नवऱ्याचं जाडजूड जॅकेट चढवून, डब्यात थालीपीठं भरून, माझ्याआधी दारात उभ्या राहिल्या.

सकाळच्या लेक्चरला त्या दोघी खाली कॅफेत बसल्या. मी वर वर्गात होते, पण डोक्यात अक्षर शिरेना. रेफराटची पहिली तीन वाक्यं तेवढी पुटपुटत होते. दुपारी मेन्झात, म्हणजे इथल्या कँटीनमध्ये, सासूबाईंनी उकडलेला बटाटा चाखला, हे लोक मीठ घालायला विसरलेत असा निकाल दिला आणि डबा उघडला. मी थालीपीठाचे नुसतेच तुकडे करत बसले. विषय काय आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांडपाणी शुद्ध कसं करायचं ते. म्हणजे गटारच की, त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, कुणीतरी शिकायला हवंच ते.

रेफराटच्या वेळी लेक मला सोडायला तयार होईना. शेवटी दोघींना वर्गात बसू द्याल का, असं मी प्राध्यापकांना विचारलं. चष्मा कपाळावर ढकलत ते या, या म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये हो, हो, आणि आजी-नात शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

मी सुरुवात केली. पहिलं वाक्य गेलं, दुसरं गेलं आणि तिसऱ्याला पुढचा शब्दच आठवेना. आता संपलं, असंच वाटलं. नजर वर केली तर समोर सासूबाई. ताठ बसलेल्या, हाताची घडी, आणि एक शब्द कळत नसताना माझ्याकडे बघून मान डोलावत होत्या, फळ्याशी अडलेल्या मुलीला धीर द्यावा तशा. मी पाण्याचा घोट घेतला, आल्झो, म्हणजे तर मग, म्हणाले आणि सुटले ती सुटलेच. प्रश्न आले, उत्तरं दिली. एकाचं उत्तर येत नव्हतं, तसं सांगितलं. प्राध्यापक दोनदा तरी गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले.

मी थांबले आणि सगळ्या वर्गाने बाकं वाजवायला सुरुवात केली. इथे विद्यापीठात टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात. ती शाबासकी असते. माझ्या ते अंगवळणी पडलेलं. लेकही मागे एकदा माझ्याबरोबर लेक्चरला आली होती, तिलाही ठाऊक. पण सासूबाईंच्या शाळेत मुलं बाकं वाजवायची ती बाईंची टर उडवायला.

त्या ताडकन उठल्या.

"एवढी जीव तोडून बोलतेय ती, आणि बाकं बडवता? लाज नाही वाटत? गप्प बसा सगळे."

अस्सल मराठीत. वर्ग गपगार. प्राध्यापकांचा हातसुद्धा होता तिथेच थांबला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तेवढ्यात लेक बाकावर चढली आणि आजीचा पदर ओढून, माझ्यादेखत पहिल्यांदाच, अख्खं मराठी बोलली. "आजी, हे चांगलं असतं. आई छान केली."

लाल कानांनी मी वर्गाला काय झालं ते सांगितलं. आधी हशा पिकला, मग परत बाकं वाजली, पण आता सगळे मागे वळून सासूबाईंकडे बघत वाजवत होते. त्यांनी पदर सावरला आणि खाली बसल्या. तास संपल्यावर प्राध्यापक जवळ येऊन म्हणाले, पास. कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून मी चक्क रडले, इतकं हलकं वाटलं.

ट्राममध्ये सासूबाई पुटपुटल्या, टाळ्या वाजवायला हात दुखतात का ह्यांचे. मला हसू आलं आणि त्या भरात मी बोलून गेले, "आई, मला वाटायचं, मी हे सगळं सोडावं असं तुम्हाला वाटतंय."

त्यांनी मांडीवर पेंगणाऱ्या नातीचं डोकं नीट केलं.

"सोड कधी म्हटलं मी? एकटीने ओढतेस, त्याची ओढाताण म्हणाले. पुढची परीक्षा कधी आहे ते सांग, तेव्हाचं तिकीट काढू माझं."

मी खिडकीकडे तोंड करून तारीख सांगितली.