तिच्यासाठी ठेवलेलं रक्त

आमच्या जैनांच्या नवकार मंत्रात मागणं नसतं, फक्त नमस्कार असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी त्या दिवशी संभाजीनगरच्या दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मी नवकार म्हणत होते आणि दर वेळी शेवटी यांचा जीव मागत होते.

आमचं तीर्थपुरीला कापडाचं दुकान. यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची. पर्युषणात यांनी अठाई धरली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, आणि गोळीही बंद. आमच्या साधू महाराजसाहेबांना विचारलं असतं तर त्यांनी औषधाची सूट दिली असती, पण तपात सूट घेणं यांना कमीपणाचं वाटलं. माणूस हट्टी, माझं कुठे ऐकतो. पारण्याच्या दिवशी मुगाचं पाणी ओठाला लावलं आणि धाप लागली. झडपेत रक्ताची गाठ अडकली होती.

छाती उघडून नवी झडप बसवली. ऑपरेशनमध्ये हृदयाचं काम करणाऱ्या यंत्रावर घेताना रक्त आणखी पातळ करावं लागतं, ते नंतर पुन्हा घट्ट होईना. जे रक्त गोठलं म्हणून छाती उघडली, तेच आता थांबत नव्हतं. यांचा रक्तगट निगेटिव्ह, तो कुठेच मिळेना. दीर फोन लावून थकले. मला रडू येत नव्हतं, यांचा रागच येत होता.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला केदारखेड्याच्या शाळेतले एक गुरुजी होते. सकाळी त्यांनीच मला चहा आणून दिला होता, आणि यांनी गोळी बंद केल्याचं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या पत्नीचंही हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्याआधीच, दुपारी ती गेली. थोड्या वेळाने ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ताई, तिचाबी हाच गट व्हता. गावातल्या लोकांनी तिच्यासाठी रक्त देऊन ठेवल्तं. आता तिला न्हाई लागत. तुमच्या मालकाला लावा, जल्दी."

रक्तपेढीत ते स्वतः जाऊन सांगून आले आणि मग पत्नीला घेऊन गावी गेले.

हे वाचले. मी मागितलं ते मिळालं, पण कुणाच्या घरून मिळालं हे मी विसरत नाही.

पुढच्या वर्षी पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीनंतर, आम्ही क्षमापनेसाठी, म्हणजे क्षमा मागायला, केदारखेड्याला गेलो. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यांच्या पत्नीचा फोटो होता. मी "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत हात जोडले, झाल्या-गेल्याची क्षमा मागितली. दिवस मावळायला आला होता; तो मावळला की आम्ही पाणीही घेत नाही. गुरुजींनी आतून तांब्या भरून आणला आणि यांच्यापुढे ठेवला.

"आजची गोळी घेतली का?"

यांनी खिशातून गोळी काढली आणि त्यांच्यासमोर घेतली. तेव्हापासून मी नवकार नुसता म्हणते. शेवटी काही मागत नाही.