सब-लेफ्टनंट सायली आणि कॅप्टनची सही

सायली सुट्टीवर आली की तिची बॅग रिकामी व्हायच्या आत आमच्या मजल्यावर किस्से साचतात. मी जन्मभर बातमीदारी केलेला माणूस. ऐकलेलं सोडवत नाही.

सायली समोरच्या घरातली. वडील खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक, पोरगी नौदलात सब-लेफ्टनंट. खांद्यावर पट्टी आली, सलाम मिळायला लागले. पण जहाज एकटीनं सांभाळायची परवानगी नव्हती. ती मिळते कॅप्टनच्या सहीनं. त्यासाठी ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, महिनोन् महिने सीनियरच्या नजरेखाली उभं राहायचं. तिचा जीव त्या सहीत अडकलेला.

*

नव्या अधिकाऱ्यानं जहाजातला प्रत्येक पाइप रांगत जाऊन शोधायचा आणि वहीत काढायचा, अशी तिथली पद्धत. एकदा कंटाळून सायलीनं एक व्हॉल्व जुन्या नकाशावरून उतरवला. वही तपासणारा म्हातारा नाविक तिला कडक सलाम ठोकून म्हणाला, "मॅडम, हा व्हॉल्व मला दाखवा."

ती दोन तास शोधत होती. तो व्हॉल्व कधीच काढून टाकलेला.

"कागदावरचं जहाज बुडत नाही, मॅडम," तो म्हणाला. "आपलं बुडतं."

*

पुढच्या सुट्टीत आमच्या सोसायटीला पाणी कमी येत होतं. मी चेअरमनला चार पत्रं लिहिलेली. त्याचं एकच उत्तर, "वरूनच कमी येतं."

सायली टाकीमागे शिरली. जळमटांनी माखून बाहेर आली आणि वहीचं पान चेअरमनच्या हातात दिलं. "काका, तुमच्या लाइनचा व्हॉल्व पूर्ण उघडा आहे. बाकीच्यांचे अर्धे."

माझी चार पत्रं वाया गेली. तिचं एक पान पुरलं!

*

विठ्ठलवाडीला लग्नात तिच्या मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, जहाज चालवतेस म्हणे?"

"अजून नाही मामा. सध्या शिकते."

"म्हणजे नुसती उभी राहतेस," मामा हसले. पंगतही हसली.

मी बाह्या सरसावल्या. तिनं मला खाली बसवलं. "राहू द्या ना काका. सही नाही मिळालेली. खोटं कशाला सांगू?"

माझ्या धंद्यात हे वाक्य मी फार कमी वेळा ऐकलंय.

*

मग कॅप्टननं परीक्षा घेतली, स्वतः खाली केबिनमध्ये थांबून. सकाळची वेळ, समोर मच्छीमार होड्यांचा घोळका. सीनियर शेजारी गप्प उभा, निर्णय सायलीचा. तिनं वेग कमी केला, जहाज वळवलं, एकाही जाळ्याला धक्का न लावता बाहेर काढलं.

कॅप्टननं नापास केलं.

"वळलीस बरोबर. मनात शंका होती?"

"होती, सर."

"शंका आली की मला बोलवायचं, हा माझा हुकूम आहे. का नाही बोलावलंस?"

"वाटलं, सर म्हणतील, एवढंही येत नाही."

सही लांबली. तिचे वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी तिला फोनवर म्हणालो, "नाव सांग त्याचं. असा लेख लिहितो की..."

"काका, नका ना. सरांचंच बरोबर होतं."

*

परवा ती आली. मी दारातच धरली. "सहीचं काय झालं?"

"ऐका तर. पुन्हा तसाच होड्यांचा घोळका आला. त्यातली एक होडी कुठे वळेल, कळेना. मी सरांना खाली केबिनमध्ये फोन लावला. हातातला घास तसाच ठेवून वर आले."

"चिडले?"

"नाही. दुर्बीण घेतली, एकदा समोर बघितलं. विचारलं, काय करणार आहेस? मी सांगितलं. परत विचारलं, ती होडी तुझ्याकडेच वळली तर? तेही सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"दुर्बीण माझ्या हातात दिली."

"अगं, पण होड्या तशाच समोर ना?"

"तशाच."

"आणि कॅप्टन?"

"खाली गेले, काका. नाश्ता संपवायला."