बिनणीला सांग

माझी आई आणि माझे दादाजी, म्हणजे पप्पांचे वडील, माझ्या जन्माच्या आधीपासून एका घरात राहत होते आणि एकमेकांशी एक शब्दही बोललेले नव्हते. भांडण नव्हतं. उलट दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. पण आम्ही मारवाडी जैन. आळेफाट्याला येऊन पिढ्या झाल्या, घरात मराठी बोलू लागलो, बाजरीची भाकरी हातावर थापायलाही शिकलो. मात्र सुनेनं सासऱ्यापुढे पदर ओढायचा आणि तोंड उघडायचं नाही, हा रिवाज राजस्थानातून आणला तो तसाच शाबूत राहिला.

आता, तोंड उघडायचं नाही म्हटलं तरी सासऱ्याला चहा लागतो आणि सुनेला गहू संपल्याचं सांगायचं असतं. त्यासाठी मध्ये कुणीतरी लागतं. दादी होती तोवर ती होती. ती गेल्यावर हे खातं माझ्याकडे आलं, तेव्हा मी पहिलीत होते. दादाजी बैठकीतल्या गादीवरून म्हणत, "बिनणीला सांग, चहात साखर जास्त झाली." बिनणी म्हणजे सून. ती चार हातांवर, दाराआड उभी असे आणि तिला सगळं स्वच्छ ऐकू आलेलं असे. तरी मी वळून सांगायचं, "मम्मी, साखर जास्त झाली." मम्मी म्हणायची, "सांग, उद्यापासून कमी टाकते." की मी पुन्हा वळायचं. पप्पांना हे काम देण्यात अर्थ नव्हता, कारण दादाजींपुढे त्यांना 'हो' एवढा एकच शब्द सुचायचा.

मी बारावीला गेले तेव्हा या चोख कारभाराची पंचाईत झाली. मम्मीला मला पुण्याला कंप्युटर शिकायला पाठवायचं होतं. तिचं स्वतःचं शिक्षण दहावीनंतर लग्नात बुडालं होतं आणि त्याचा राग तिच्या मनात ताजा होता. दादाजींचं म्हणणं वेगळं. जवळच्या कॉलेजात जा, तोवर आपण स्थळं बघू. मम्मीनं माझ्याकरवी निरोप धाडला, "सांग, पोरीला पुण्याला पाठवायचं आहे." मी सांगितलं. दादाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "स्वतःच्या मनातलं आईच्या नावावर खपवू नकोस."

मी शपथा घेतल्या, रडले, चिडले. काही उपयोग झाला नाही. जिच्याबद्दलचा निरोप तीच निरोप्या, मग विश्वास कोण ठेवणार? मम्मी दाराआड सगळं ऐकत होती, पण 'हो, मीच म्हणाले' एवढं म्हणायची तिला सोय नव्हती. मला तेव्हा दोघांचाही भयंकर संताप यायचा.

त्याच सुमारास, दोन हजार साल उलटून गेल्यावर, घरात कंप्युटर आला. आमचं दुकान पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं. तिथं हायवेची धूळ फार, म्हणून कंप्युटर घरात, बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या खोलीत ठेवला. पप्पा रोज संध्याकाळी त्यात बिलं भरायचे. दुपारी तो आम्हा दोघींचा.

कंप्युटर बसवायला पारगावचा एक तरुण यायचा. साखर कारखान्याच्या ऑफिसातले कंप्युटरही आपणच बघतो, असं तो प्रत्येक वाक्यात एकदा सांगायचा. त्यानं माझ्यासाठी गेमची एक सीडी आणली. मम्मी शेजारी बसून एकेक गेम बघू लागली आणि एकेक रद्द करू लागली. बंदूक असलेला बाद. तलवार असलेला बाद. एकात बेडूक गाडीखाली यायचा, तो तर आधी बाद. मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारी बाई ती, पडद्यावरची हिंसासुद्धा तिला चालेना.

"मग ह्यो बघा ताई," तो म्हणाला. "ह्यात कोण मरत न्हाई. नुसतं दुसऱ्याच्या कंप्युटरात शिरायचं अन् फाइल घिऊन यायचं. दोन-चार पोरांनी मिळून बनवलाय म्हणं, पण लई डोकं लावलंय राव."

"म्हणजे चोरी," मम्मी म्हणाली.

"चोरी न्हाई ताई, कॉपी. मूळ माल जागच्या जागी ऱ्हातो."

मम्मीनं यावर बराच विचार केला. न दिलेलं घेऊ नये हे तर आपल्याकडे व्रतातच आहे. पण घेतलेलं जर तिथंच राहत असेल, तर घेतलं काय? शेवटी तिनं असा निवाडा दिला की कॉपीची कामं करायची, कुणाचा कंप्युटर बिघडवायचं काम घ्यायचं नाही, एखाद्या निरपराध माणसाला गुंतवायचं काम तर मुळीच नाही, आणि पर्युषणाच्या उपासाच्या दिवसांत कंप्युटरला हातच लावायचा नाही. जगात इतक्या नियमानं कुणी हॅकिंग केलं असेल असं मला वाटत नाही. त्या वर्षी संवत्सरीला, म्हणजे वर्षभराच्या चुकांची सगळ्यांकडे माफी मागायच्या दिवशी, तिनं मला गंभीरपणे विचारलं होतं, की त्या कंपन्यांना मिच्छामि दुक्कडम म्हणायला हवं का.

गेम माझ्यासाठी आणला होता, पण मला तो जमेना. मी थेट शिरायचे आणि लगेच पकडली जायचे. त्यात युक्ती अशी, की पडद्यावर जगाचा नकाशा असतो, त्यावर ठिकठिकाणचे ठिपके. आपली तार एकदम बँकेला जोडायची नाही. या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर, तिथून पुढच्यावर, अशी फिरवत न्यायची. मग समोरचा आपला माग काढत एकेक ठिकाण मागे येतो, आणि तो आपल्यापर्यंत पोचायच्या आत काम उरकून तार तोडायची. माग जवळ येऊ लागला की टिक-टिक असा आवाज होतो, आणि तो वाढत जातो. एकदा पकडलं की खेळ संपला. मिळवलेलं सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून.

हे मी मम्मीला समजावू लागले, तर ती मध्येच म्हणाली, "समजलं. सरक." आणि तिनं माऊस घेतला.

तिला का समजू नये? जन्मभर तिनं दुसरं काय केलं होतं? भावाच्या घरून आंबे मागवायचे तर ती आधी शेजारणीला बोलायची, शेजारीण तिच्या नवऱ्याला, तो पप्पांना, आणि आंबे आले की दादाजींना वाटायचं आपल्यालाच सुचलं. नकाशावरच्या शहरांना तिनं आपली नावं दिली. पहिला ठिपका नेहमी ओझर, कारण विघ्नहराला वळसा घातल्याशिवाय निघायचं नाही. मग आळे, मग पारगाव, मग कुठं ती परदेशातली बँक. काम झालं की वाटेतल्या ठिपक्यांवरच्या आपल्या नोंदी पुसायला ती कधी विसरली नाही. मी विसरायचे, आणि ती म्हणायची, "ओटा न पुसता झोपतं का कोणी?"

खेळात स्वतःला एक नाव घ्यावं लागतं. मी तिला झकास इंग्रजी नावं सुचवली. तिनं 'बिनणी' लिहायला लावलं. "मला या घरात दुसरं कोण काय म्हणतं?" ती म्हणाली. मला वाईट वाटलं, पण तिच्या आवाजात तक्रार नव्हती. काही महिन्यांत त्या खेळात बिनणीचा चांगलाच दबदबा झाला.

टिक-टिक मात्र बैठकीत ऐकू जायची. दादाजींना वाटायचं, वीज गेली आणि यूपीएस ओरडतोय. ते वर बघायचे तर पंखा गरगरत असायचा. "बिनणीला सांग, तो डबा उगाच ओरडतोय," असा निरोप यायचा. शेवटी त्यांनी पारगावच्या त्या पोराला बोलावून घेतलं. मी त्याला दारातच डोळ्यांनी खुणावलं. त्यानं यूपीएस हलवला, कान लावला आणि तोंड वाकडं न करता म्हणाला, "बाबा, यूपीएस चांगला हाय. पण बॅटरी जरा भित्री हाय." दादाजींना व्यापारात कुणी फसवू शकलं नव्हतं, हे मात्र त्यांनी ऐकून घेतलं. मनातून त्यांना पटलं नसावं.

कारण एका दुपारी, टिक-टिक सुरू झाल्याबरोबर, ते खाकरले. दादाजी आत येण्याआधी खाकरायचे. ते ऐकलं की मम्मीनं उठून स्वयंपाकघरात जायचं, हा शिरस्ता. पण त्या वेळी ती एका मोठ्या बँकेत अर्धी शिरलेली होती. तिनं डाव्या हातानं पदर पार हनुवटीपर्यंत ओढला आणि उजवा हात माऊसवरून काढला नाही. दादाजी आत आले आणि पडद्याकडे बघत उभे राहिले. नकाशावर एक रेघ ठिपक्यामागून ठिपका गिळत आमच्याकडे सरकत होती.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

मी घाबरून खरंच सांगून टाकलं, की हा खेळ आहे, आणि ती रेघ इथवर आली की मम्मी पकडली जाणार.

"कोण पकडणार?"

"सरकारी माणसं."

दादाजी पलंगावर बसले. व्यापारी माणूस. खेळ हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही, त्यांच्या डोळ्यांपुढे धाड आली. "बिनणीला सांग, बंद कर म्हणावं."

"मम्मी, बंद कर म्हणतात."

"सांग, फाइल अर्धीच आली आहे."

"दादाजी, फाइल अर्धीच..."

"बिनणीला सांग, माल राहू दे, आधी दुकान वाचव."

"मम्मी, माल राहू दे..."

"सांग, इथवर आले ते काय हात हलवत परत जायला?"

माझी मान इकडून तिकडे फिरत होती आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत दोघांचं पुढचं तयार असायचं. रेघ पारगाव ओलांडून आळ्यात आली, आणि आता ओझर गेलं की संपलं, हेही मीच ओरडून सांगितलं. टिक-टिक इतकी वाढली की मध्ये फटच राहिली नाही. दादाजी उठून उभे राहिले. "ओझरला पोचले बघ, तोड, तोड, अगं तोड!" हे ते मला म्हणाले की तिला, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"बाबूजी," मम्मी पदराआडून म्हणाली, "जरा गप्प बसा."

फाइल पूर्ण आली. तिनं तार तोडली. आवाज बंद झाला. दादाजी माझ्याकडे बघत होते, मी मम्मीकडे, आणि मम्मी माऊसकडे. मग दादाजी वळले आणि बाहेर निघून गेले. मम्मीनं वाटेतल्या नोंदी पुसल्या आणि मला हळूच म्हणाली, "आता हे कसं पुसू गं?"

पुढचे काही दिवस घरात निरोपच बंद झाले. चहा मुकाट जायचा, कप मुकाट परत यायचा. पप्पा मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, काय झालंय. मम्मीनं कंप्युटर लावला नाही. तिची भूकही गेली होती आणि मला वाटू लागलं, आता पुण्याचं नाव काढायलाही जागा उरली नाही.

मग एका सकाळी दादाजी सामायिक, म्हणजे सकाळची ध्यानाची बैठक, आटोपून दूध घेत होते. मी त्यांच्यासमोर बसून अभ्यासाचं नाटक करत होते. मम्मी दाराआडून पुढे आली. पदर होता तसाच होता, पण उंबऱ्याच्या अलीकडे येऊन ती उभी राहिली.

"बाबूजी, पोरीला पुण्याला शिकायला पाठवायचंय," ती म्हणाली. "हे ती नाही म्हणत. मी म्हणतेय."

दादाजींनी सवयीनं माझ्याकडे बघितलं. माझंही तोंड सवयीनं उघडलं. मी ते मिटलं. बाहेर हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या पारगावकडे जात होत्या, त्यांच्यावरच्या टेपचं गाणं जवळ आलं आणि लांब गेलं. दादाजी वाट बघत राहिले. त्यांच्या हातातल्या दुधावर साय धरली.

"ऐकलं मी," शेवटी ते म्हणाले. मग त्यांनी बोटानं साय बाजूला सारली. "पण ही गेल्यावर तुझं म्हणणं मला सांगणार कोण?"

"मी सांगेन," मम्मी म्हणाली.

दादाजींनी मान डोलावली. "मग जाऊ दे तिला."

ती तिथंच उभी राहिली आणि त्यांनी तिला विचारलं, पुण्यात राहायची सोय कुठं बघायची. ती सांगू लागली. माझी मान एकदा तिच्याकडे वळली, एकदा त्यांच्याकडे, पण दोघांपैकी कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. मी पुस्तक घेऊन उठले आणि आत गेले.