दोन खाचांचा कान

नातू सध्या डुकरांच्या वाड्याभोवती झटक्याची तार ओढतोय. पलीकडच्या मक्यात बिबट्या दिसला अशी बातमी मोबाइलवर आली, तेव्हापासून त्याला चैन नाही. परवा त्यानं विचारलं, "आजी, तुमच्या वेळी तार नव्हती. मग जनावरं राखायचं कोण?"

"मी," म्हटलं.

घरातली पोरं आदरानं बघायला लागली. बघू देत. खरी गोष्ट अशी की जनावरं राखायची वेळ आली, त्या दिवशी मी कडब्याच्या गंजीवर चढून बसले होते.

माझं माहेर पहूरचं. आमच्यात मुलगी सासरी निघाली की तिच्यासोबत डुकराचं एक मादी पिलू द्यायचं. त्याची पुढची सगळी वीण त्या मुलीची. सासरच्यांनी त्यावर हक्क सांगायचा नाही. माझ्या बापाकडे दुसरं देण्यासारखं काही नव्हतंही. त्यानं पिलाच्या डाव्या कानाला दोन खाचा पाडल्या. डुकरं गावभर फिरतात, कोणतं कोणाचं ते कानावरून कळतं. दोन खाचा म्हणजे आमचं घर. मग पिलू गोणपाटात घालून त्यानं माझ्या मांडीवर ठेवलं.

एसटी सुटली आणि गोणपाट किंचाळायला लागलं. कंडक्टर वळून बघायच्या आत मी गळा काढला. धुळ्यापर्यंत पिलू ओरडलं की मी त्याच्या वरच्या पट्टीत रडायची. शेजारच्या बाईनं मला मुरमुरे दिले, पाठीवरून हात फिरवला. माझा नवा नवरा खिडकीबाहेर असा बघत होता, की जणू आमची ओळखच नाही.

सोनगीरला सासू दारातच अडकित्ता घेऊन उभी. तिला सगळे अक्का म्हणत. उजव्या कानाचं टोक उडवायचं, ही त्यांची खूण. मी पिलू पोटाशी धरलं आणि उंबऱ्यात फतकल मारली.

"आधी माझा कान कापा!"

"तुना कान कापीसन काय करू?" अक्का म्हणाली. "तुले कोन चोरी लयी जाई?"

सगळी गल्ली हसली. पण पिलाचा कान वाचला, आणि मी मोठी लढाई जिंकल्यासारखी नाक वर करून हिंडायला लागले. अक्कल नावाला नव्हती, नाक मात्र होतं.

उष्टं, सडकी केळी, भुईमुगाचा पाला खाऊन डुकरीण दांडगी झाली. गाभण राहिली तेव्हा मी तिची एवढी बडदास्त ठेवली, की माझ्या स्वतःच्या बाळंतपणात तेवढी झाली नाही. व्यायच्या आधी तिनं तोंडात कडबा धरून धरून बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात नेला आणि घरटं केलं. आठ पिलं झाली. आठही माझी.

अक्कानं बजावलं, "जवळ जाऊ नको. व्यायेल डुकरी कोनीच नही ऱ्हास. रगतना वास उना का ती मालकलेबी वयखत नही."

मी मान डोलवली. मनात म्हटलं, तुम्हाला ओळखणार नाही, मला ओळखेल. माझ्या माहेरची आहे ती.

नंतर दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, कुत्री आली. नवरा आणि सासरे खडी फोडायला गेले होते. हायवेच्या ढाब्यांमागे कोंबडीची आतडी खाऊन माजलेली टोळी ती. पिवळ्या कुत्र्यानं काट्यांखालची माती उकरली आणि तो आत घुसला. पहिलं पिलू त्यानं कमरेत धरलं आणि ओला कपडा झटकावा तसं झटकलं. ते एकदाच ओरडलं. मागून आलेल्या दोघांनी दुसरं पिलू दोन्हीकडून ओढलं. ते फाटलं.

माझ्या हातात चांगली जाडजूड काठी होती. ती मी टाकली आणि गंजीवर गेले. शिडी नव्हती, कशी चढले ते आजही सांगता येत नाही. वरून मात्र "हाड! हाड!" असं इतक्या रुबाबात म्हणत होते, की कुत्र्यांनी ऐकलं असतं तर श्रेय मलाच मिळालं असतं.

डुकरिणीनं पिवळ्याला घराच्या भिंतीशी गाठलं. त्याला खाली पाडून तिनं त्याचं पोट दातांनी उघडलं. तो तसाच उठून पळाला. त्याची आतडी काट्यांत अडकली आणि त्यांनीच त्याला मागे खेचलं.

तोवर अक्का घरातून पहार घेऊन आली. एका कुत्र्याची कंबर मोडली, एकाच्या टाळक्यात घातली. आणखी एक पिलू तोंडात धरून बाकीची पळाली. अक्का वाकली आणि पायाशी पडलेलं एक रक्ताळलेलं पिलू तिनं उचललं. पिलू किंचाळलं.

डुकरीण वळली.

तिनं अक्काची मांडीच धरली, लुगड्यासकट. अक्का आडवी झाली, पहार लांब पडली. डुकरीण डोकं झटकत होती, आणि अक्काचा पाय कुत्र्याच्या तोंडातल्या पिलासारखा हलत होता. तशातही तिनं मान वळवून वर पाहिलं.

"काय वं रानी, वरतून चांगलं दिसी राह्यनं ना?"

मी उतरले नाही, पडले. पहार उचलली. आधी डुकरिणीला हाक मारली, रोज उष्टं घालताना मारायची तशीच. तिचा डावा कान हलला. दोन खाचा दिसल्या. पण तिनं मांडी सोडली नाही.

पहिला घाव तिच्या खांद्यावर पडला. माझा नेम तो काय! दुसरा कानामागे. हाड फुटलेलं पहारीतून माझ्या हाताला कळलं. मग मी थांबलेच नाही. ती मेली तरी जबडा मिटलेलाच होता. पहार घालून तो मला उचकटावा लागला.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात अक्काला टाके पडले. घरी आल्या आल्या तिनं खाटेवरूनच फर्मान सोडलं, "तिनी माले खादं, आते मी तिले खासू. तिखट चांगलं टाका." मी चुलीशी हुंदके देत होते. हुंदके देता देता दोनदा वाढून घेतलं, हेही लिहिते.

पाच पिलं उरली. त्यांना शेळीच्या दुधात चिंधी बुडवून पाजलं. माझ्या माहेरचं म्हणून आता तेवढंच होतं. पिलं जगतील असं दिसलं, तेव्हा अक्कानं पाय लांब केला आणि अडकित्ता मागितला. मी पहिलं पिलू तिच्या पुढ्यात धरलं.

"उजवा कापा," मी म्हटलं. "तुमचीच आहेत आता."

अक्कानं अडकित्ता खाली केला.

"डुकरी ते तू मारी टाकी. आते बापले बी मारस का काय?"

तिनं डावा कान चिमटीत धरला आणि पहिली खाच पाडली. पिलू असं केकाटलं, की मी डोळे मिटून दोन्ही हातांनी कान झाकले. अर्थातच पिलू सुटलं आणि खाटेखाली पळालं. अक्काच्या बोटांवरून रक्त गळत होतं.

"त्याले आन," ती म्हणाली, "आनि तू जाय, गंजीवर जायीसन बस. बठ्ठा कान कापाई गयात का हाक मारसू."