आमच्या साडूंचा निळा ड्रम

जगातला कुठलाही विषय काढा, आमचे साडू चौथ्या वाक्याला शौचालयावर येतात. एका दहाव्याला सगळे कावळ्याची वाट बघत असताना त्यांनी गुरुजींना विचारलं होतं, "तुमच्याकडं फ्लश आहे का कोरडं?" निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात. यांनी मनीषनगरच्या घरातला चांगला चालता फ्लश उपटून काढला आणि परसात बिनपाण्याचं शौचालय बांधलं. खाली निळा ड्रम, शेजारी लाकूड कापायच्या आरामशीनवरून आणलेल्या भुशाचं पोतं. काम झालं की वरून दोन डबे भुसा टाकायचा. ड्रम भरला की झाकण लावून वर्षभर मुरू द्यायचा, तोवर दुसरा वापरायचा. मुरलेल्याचं खत. पाहुणा बाहेर आला की चहाच्या आधी प्रश्न यायचा, "दोन डबे टाकले ना गा?" मी एकदा खोटं बोललो. ते आत जाऊन बघून आले.

त्या खतावर वांगी येत. साडू ती गल्लीभर वाटत. गल्ली ती हसून घेई आणि कोपऱ्यावरच्या गाईला घाली. हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. मेहुणी स्वतः बाजारातून वेगळी वांगी आणायची. "भाऊजी, मायं लग्न यायच्याशी झालं का त्या ड्रमाशी, समजूनच नाही राहिलं," ती मला म्हणायची.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं घर बिल्डरला द्यायचं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं. साडूंनी सही केली, पण घर रिकामं करायच्या दिवशी ते ड्रमापुढं उभे राहिले. "हा भरून तीनच महिने झाले. कच्चं खत कसं उचलू? नऊ महिने थांबा."

"काका, घर पाडायची मशीन दारात उभी हाय," बिल्डरचा माणूस म्हणाला. "काहून मजाक करून राहिले?"

ते मजाक करत नव्हते. बाकीच्या नातेवाइकांनी त्यांचा फोन उचलला नाही, मी उचलला. त्यामुळं ड्रम शहराच्या नंदनवन भागात, माझ्या अंगणात आला. दर रविवारी साडू दोन ऑटो बदलून यायचे, झाकण काढायचे, मूठभर काढून हुंगायचे आणि "अजून नाही" म्हणायचे. बायको खिडकी लावून घ्यायची.

गेल्या रविवारी खत तयार होतं. काळं, भुसभुशीत, वास नांगरलेल्या जमिनीसारखा. हे मलासुद्धा कळलं.

"झालं की हो," मी म्हणालो. "आता टाकायचं कुठं?"

त्यांनी माझं अंगण पाहिलं. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत सिमेंटचे गट्टू बसवलेले. त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत एक तुळस मावते. हातातली मूठ पुन्हा एकदा हुंगली. मग ती हळूच ड्रमात सोडली आणि झाकण घट्ट लावलं.

"अजून कच्चं हाय, भाऊ," ते म्हणाले. "राहू द्या महिनाभर."

मी म्हणालो, राहू द्या.